जुन्या पद्मिनीचा गंज : खर्च थोडा, यत्न पुष्कळ

दिनांक ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. या जातीची अखेरची टॅक्सी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि शहरातील टॅक्सींसाठी असलेली २० वर्षांची कालमर्यादा त्या दिवशी पूर्ण झाली. ही अखेरची टॅक्सी प्रभादेवीत राहणाऱ्या एका चालकाची होती, ही गोष्ट त्या वेळी वृत्तपत्रांनी आवर्जून छापली.

टॅक्सी गेली, तथापि खासगी मालकीच्या पद्मिनी अजून संपलेल्या नाहीत. प्रभादेवी, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या इमारतींच्या आवारात, कापडी आच्छादनाखाली, चाकांतली हवा गेलेली एखादी पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण फियाट दिसते. आजोबांनी नाव नोंदवून, दीर्घकाळ वाट पाहून घेतलेली ती गाडी असते. पेढीवरून घरी, घरातून देरासरात आणि सुट्टीत कुंभोज बाहुबलीच्या यात्रेला नेणारी ती गाडी भंगारात देववत नाही आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून हात पुढे होत नाही. या दोहोंच्या मध्ये गंज मात्र थांबत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे : अशा गाडीचा गंज आणि जुना रंग अल्प खर्चात, आणि आपल्या आचारधर्माला बाध न आणता, कसा उतरवावा.

गाडीमागचा इतिहास

या गाडीशी आपल्या समाजाचे नाते ग्राहकापुरते नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या कंपनीची स्थापना केली. मराठी जैन पत्रकारितेत अग्रणी ठरलेले ‘जैन बोधक’ सुरू करणारे शेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे वडील. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज, प्लिमथ या अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली; पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. शेठजींचे १९५३ साली निधन झाले, त्यामुळे पद्मिनी त्यांना पाहता आली नाही. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, १९७२ साली तिचेच नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घन सेंटीमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि चार दारे असे तिचे रूप पुढे अनेक दशके फारसे बदलले नाही.

गंजाच्या दृष्टीने तिची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मालमोटारीला जशी खाली स्वतंत्र जाड चौकट असते तशी या गाडीला नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट होय. हा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. म्हणून तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे आणि चाकांवरच्या कमानी यांना लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. तो गाडीच्या बळावरच घाला असतो.

प्रभादेवीची हवा आणि लोखंड

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ती क्रिया फार वेगाने होते. प्रभादेवीला पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात, हवेतील ओल शोषून घेतात आणि उघड्या लोखंडावर कायमचा खारट ओलावा धरून ठेवतात. पावसाळ्यात खड्ड्यांतले पाणी चाकांच्या कमानींत उडते, तेथे चिखल साठतो आणि तो चिखल आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो आणि वरून आपल्याला केवळ एक फोड दिसतो. फोड रुपयाएवढा असला तरी त्याखालचा गंज हातभर पसरलेला असू शकतो. फोडावर नवा रंग मारणे म्हणजे बुडीत खात्यावर नवी उधारी देणे होय. वहीत रक्कम दिसते, वसुली होत नाही.

आच्छादनाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. प्लास्टिकचे आच्छादन पाऊस अडवते, पण जमिनीतून उठणारी वाफ आत कोंडते. अशा आच्छादनाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुष्कळदा उघड्यावरच्या गाडीहून अधिक गंजते. वारा खेळता राहील असे छप्पर मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास कापडी आच्छादन वापरावे आणि कोरड्या दिवशी ते काढून दारे उघडी ठेवावीत.

आरंभ केव्हा करावा

हे काम चातुर्मासात हाती घेऊ नये. या काळात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून आपण प्रवास आणि आरंभ मर्यादित करतो. योगायोग असा की लोखंडाचे शास्त्रही हेच सांगते. पावसाळ्यातील दमट हवेत उघडा केलेला पत्रा काही तासांत पिवळसर पडतो आणि त्यावर लावलेला रंग पुढच्या वर्षी सुटतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा कोरडी होऊ लागते. तेव्हापासून फाल्गुनापर्यंतचा काळ या कामाला सर्वांत सोयीचा आहे.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत इतर जीवांनी घर केलेले असते, हेही लक्षात घ्यावे. दारांच्या पोकळीत मुंग्या, बॉनेटखाली उंदीर, आसनांखाली पाली आणि झुरळे, आरशामागे गांधीलमाशीचे पोळे अशी वस्ती सापडते. फवारा मारून गाडी ‘स्वच्छ’ करण्याची घाई करू नये. दारे, बॉनेट आणि डिकी काही दिवस सकाळच्या उजेडात उघडी ठेवावीत, आसने व पायपुसणी काढून उन्हात ठेवावीत, मऊ पिसारीने हळूहळू झाडावे. निवारा मोडला की बरेचसे जीव आपणच निघून जातात. गृहस्थाच्या जीवनात आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही हे शास्त्रकारांनी जाणले आहे. परंतु जी टाळता येते ती न टाळणे हा प्रमाद होय.

पाहणी : काय काढायचे नाही, ते आधी ठरवावे

अल्प खर्चाचे खरे रहस्य या टप्प्यात आहे. पुष्कळ जण उत्साहाने संपूर्ण गाडीचा रंग उतरवतात आणि मग इतका उघडा पत्रा एकदम सांभाळता येत नाही. जो मूळ रंग पत्र्याला घट्ट धरून आहे तो काढू नये. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला जुना थर नव्या रंगाला चांगला पाया देतो. त्याला केवळ घासून खरखरीत करणे पुरेसे असते.

पाहणीसाठी तीन साध्या वस्तू लागतात. पहिली, पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक. ज्या ठिकाणी ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे. तिच्याखाली जुना अपघात किंवा जुना गंज असतो. दुसरी, स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या मुठीने उंबरे, तळ आणि कमानी ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तर संशय घ्यावा. टोक दाबताच आत गेले तर तेथे घासण्याने काही साधणार नाही, तेथे पत्रा कापून नवा पॅच वेल्ड करावा लागेल. तिसरी वस्तू खडू. शाबूत जागा, वरवरचा गंज आणि खाल्लेला पत्रा यांवर तीन निराळ्या खुणा कराव्यात. गाडीभोवती एकदा असे फिरून आले म्हणजे काम किती आहे याचा खरा जमाखर्च हाती येतो.

पद्मिनीत विशेष लक्ष द्यावे अशा जागा म्हणजे बॅटरीखालचा पत्रा, पायांखालचा तळ, डिकीतील सुट्या चाकाखालची जागा, पुढच्या-मागच्या काचांच्या रबरी पट्ट्यांखालची कड आणि दारांचा खालचा काठ. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती धुळीने बुजली की दार आतून पाण्याने भरते. तारेने ती मोकळी करणे हा एका पैशाचा खर्च नसलेला, परंतु सर्वांत लाभाचा उपाय आहे.

जुना रंग उतरवताना

प्रथम रंग कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. पांढऱ्या सुती कापडावर थोडे एन. सी. थिनर घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासावे. रंग विरघळून कापडावर आला तर तो लॅकर जातीचा. सुरकुतला किंवा फुगला तर बहुधा साधे एनॅमल. दोन्ही झाले नाही तर तो भट्टीत पक्का केलेला किंवा अलीकडचा टिकाऊ रंग समजावा. लॅकरचे थर थिनरच्या कापडाने सावकाश निघतात. बाकीच्यांना हाताने घासणे भाग आहे. थिनर ज्वालाग्राही असते, म्हणून ते उघड्या हवेत, दिवा, उदबत्ती आणि विजेच्या ठिणगीपासून दूर वापरावे.

हाताचे काम असे करावे. फुगलेला, सुटा रंग बोथट पत्रीने काढावा. मग जाड वॉटर पेपर, म्हणजे ८० किंवा १२० क्रमांकाचा, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून पाण्यासह घासावा. फोडाच्या कडेपासून चारही बाजूंना निरोगी रंग लागेपर्यंत जावे, आणि नंतर २४० व ३२० क्रमांकाच्या कागदाने कडा इतक्या उतरत्या कराव्यात की बोटाला पायरी लागू नये. पाणी बादलीत गाळून घ्यावे आणि स्पंजने लावावे. नळी लावून वाहते पाणी सोडण्याचे कारण नाही. असे केल्याने अप्कायिक जीवांची विराधना कमी होते आणि मैला एका जागी जमा राहतो.

हा ओला मार्ग केवळ सोयीचा नाही, आवश्यक आहे. जुन्या गाड्यांच्या रंगात आणि विशेषतः त्याखालच्या अस्तरात शिसे असण्याचा संभव मोठा असतो. लोखंडावर पूर्वी सर्रास लावले जाणारे नारिंगी रंगाचे ‘रेड लेड’ हे शिशाचेच संयुग. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्यापूर्वीच्या गाडीच्या रंगाविषयी काहीच गृहीत धरता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे. म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, मुलांना आणि गर्भवतींना जवळ येऊ देऊ नये, तोंडावर चांगला मास्क बांधावा आणि त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नये.

तीन ‘झटपट’ उपाय मात्र टाळावेत. पहिला, बाजारातले तीव्र पेंट रिमूव्हर. त्यांतील पुष्कळांत डायक्लोरोमिथेन हे द्रव्य असते. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना अशा रिमूव्हरची विक्री बंद करण्यात आली आणि युरोपीय संघाने ती त्याआधीच थांबवली होती. दुसरा, गॅसच्या ज्योतीने रंग जाळणे. त्याने शिशाचा धूर होतो, पातळ पत्रा वाकतो आणि पोकळीत लपलेले जीव होरपळतात. तिसरा, वाळूचा मारा. जाड चाकांना तो मानवतो, परंतु बॉनेट आणि दारांच्या सपाट पत्र्याला लाटा पडतात. शिवाय त्या वाळूची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस निर्माण करते. स्वस्त भावाची किंमत दुसऱ्याच्या श्वासाने भरली जात असेल तर तो व्यवहार आपला नव्हे.

गंज काढण्याचे सौम्य मार्ग

गाडीवर पक्क्या असलेल्या पत्र्याचा वरवरचा गंज तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनीच काढावा. ग्राइंडरवर तारेची वाटी लावून काम लवकर होते. पण एकाच जागी ती टेकवून ठेवल्यास पत्रा तापून वाकतो, म्हणून हात सतत फिरता ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. खोल खळग्यांत जे काळे ठिपके उरतात तेथे फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण ब्रशने लावावे. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते, आणि हा थर स्थिर असतो. द्रावण पत्र्यावर सुकू न देता बाटलीवरील सूचनेप्रमाणे पुसून घ्यावे.

बाजारातील काही ‘रस्ट कन्व्हर्टर’ टॅनिन या द्रव्यावर चालतात. टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळा थर तयार करते. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन विपुल असते. राजस्थानातील बगरूचे छपाई कारागीर हिरड्याने रंगवलेल्या कापडावर लोखंड आणि गुळाच्या द्रावाने जो काळा ठसा उमटवतात त्यामागे हीच क्रिया आहे. मात्र हिरड्याचा काढा हा तयार कन्व्हर्टरची जागा घेत नाही, कारण तयार द्रवात थर बांधून ठेवणारी राळही असते.

सुटे होणारे भाग, म्हणजे बिजागऱ्या, कड्या, साधे नट-बोल्ट, जॅक, पाने, यांच्यासाठी घरातील लिंबूसत्त्व उत्तम. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भाग बुडवावेत. काही तासांनी पाहावे. फार तर रात्रभर ठेवावे. त्याहून अधिक ठेवल्यास आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते. बाहेर काढून ब्रशने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावे, लगेच पुसून उन्हात सुकवावे आणि तेलाचा हात द्यावा. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचा मुलामा असलेले भाग यात घालू नयेत.

ज्यांच्याकडे जुना साधा बॅटरी चार्जर आहे त्यांना विजेचा मार्गही खुला आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन दर ५ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातला लोखंडी तुकडा धन टोकाला जोडावा. दोघांचा स्पर्श होऊ देऊ नये. प्रवाहाने गंज सुटतो आणि चांगले लोखंड मुळीच झिजत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठही वापरू नये, त्याने क्लोरीन वायू निघतो. या क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. स्प्रिंगा आणि अतिकठीण पोलादी बोल्ट आम्लात किंवा या टबात घातल्यास ठिसूळ होण्याचा धोका असतो; ब्रेक आणि स्टिअरिंगचे गंजलेले भाग तर नवेच घ्यावेत. तेथे काटकसर शोभत नाही.

आणखी दोन उपाय लोक सुचवतात. शौचालय धुण्याचे म्युरिॲटिक ॲसिड गंज क्षणात काढते, पण ते सांध्यांत शिरते, धुऊन निघत नाही आणि महिनाभरात आतून अधिक गंज आणते. साखर कारखान्याच्या मळीत लोखंड दोन-तीन आठवडे भिजत ठेवण्याची पद्धतही आहे. गंज तीही काढते. परंतु मळी आंबते, तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, मुंग्या आणि माश्या बुडून मरतात. लिंबूसत्त्व तेच काम एका रात्रीत करीत असताना जैन घराने हा मार्ग स्वीकारण्याचे प्रयोजन नाही.

त्याच दिवशी अस्तर

गंज काढल्यानंतरचे काही तास सर्वांत महत्त्वाचे. चकचकीत पत्रा प्रभादेवीच्या हवेत रात्रभर उघडा राहिला तर सकाळी त्यावर तांबूस छटा आलेली असते आणि कालचे श्रम वाया जातात. म्हणून एका दिवशी तेवढाच भाग उघडा करावा, जेवढ्याला संध्याकाळपूर्वी प्रायमर लावता येईल. एक दार, अथवा अर्धी कमान. ओले घासून झाले की पत्रा सुक्या कापडाने पुसावा, केस सुकवण्याच्या यंत्राने कडा कोरड्या कराव्यात, ३२० च्या कागदाचा एक हलका हात फिरवावा, थिनरच्या कापडाने तेलकटपणा पुसावा आणि प्रायमर लावावा.

येथे थोडा अधिक खर्च करणे हीच काटकसर. साधे रेड ऑक्साइड स्वस्त असते, पण ते ओल पूर्ण अडवत नाही. वरचा रंग लवकर लावला नाही तर त्याखालून गंज पुन्हा येतो. दोन घटकांचे इपॉक्सी प्रायमर ओल पुष्कळ अधिक रोखते. लांबी भरायची असल्यास ती इपॉक्सीच्या थरावर भरावी, गंजावर कदापि नाही. उंबऱ्यांच्या पोकळीत शेवटी गंजरोधक मेण फवारावे. काही ठिकाणी गाडीच्या पोटाला इंजिनाचे जुने तेल मारण्याची चाल आहे. ते तेल थेंबाथेंबाने जमिनीत आणि पावसाच्या पाण्यात उतरते, म्हणून ती सोडून द्यावी.

साहित्याची निवड आणि मैल्याची विल्हेवाट

रंगाचे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दुकानदाराला विचारून नायलॉनचे ब्रश घ्यावेत. गाडी पुसण्याचे ‘शामॉय’ कातडे हे मेंढीचे वगैरे चामडे असते. त्याऐवजी जुने सुती धोतर अधिक चांगले. पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण आहे का तेही पाहावे. वनस्पतिजन्य अथवा खनिज मेणाचे पर्याय सहज मिळतात.

राहिला प्रश्न मैल्याचा. साधूंच्या पाच समितींत उत्सर्ग समितीचा समावेश आहे : जे टाकायचे ते कोठे आणि कसे टाकावे याचाही विवेक. तो नियम मुनींसाठी असला तरी त्यातला अर्थ गृहस्थालाही लागू पडतो. मुंबईची पर्जन्यजलाची गटारे शुद्धीकरणाविना समुद्राला मिळतात. आवारातल्या जाळीत ओतलेली शिसेयुक्त बादली थोड्याच वेळात दादरच्या किंवा वरळीच्या किनाऱ्याशी पोहोचते. म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरावे. बादलीतले पाणी रात्रभर स्थिर ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी दुहेरी कापडातून गाळून पुन्हा घासण्यासाठी वापरावे. काम संपल्यावर उरलेले पाणी उघड्या भांड्यावर जाळी झाकून उन्हात आटवावे. सुकलेला गाळ, रंगाचे पापुद्रे, वापरलेले कागद आणि थिनरची फडकी वेगळ्या बंद डब्यात ठेवावीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाच्या टाकाऊ डब्यांना घरगुती घातक कचऱ्यात धरले होते; हा डबाही त्याच कचऱ्याबरोबर महापालिकेच्या यंत्रणेकडे वेगळा द्यावा, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये. थिनरची फडकी मात्र डब्यात घालण्यापूर्वी उघड्यावर पसरून पूर्ण सुकवावीत, कारण चुरगळून ठेवलेली ओली फडकी पेट घेऊ शकतात.

हिशेब

या साऱ्या कामात पैसा कोठे लागतो ते पाहू. कागद, पत्री, तारेचा ब्रश, लिंबूसत्त्व, सोडा हे सर्व किरकोळ. खरा खर्च तीन ठिकाणी : खाल्लेल्या पत्र्याचे वेल्डिंग, चांगले प्रायमर आणि चांगला मास्क. या तिन्हींत हात आखडू नये. वेल्डिंगसाठी गाडी गॅरेजमध्ये न्यावी, पण घासण्याचे आणि अस्तराचे काम आपण केल्यास डेंटिंग-पेंटिंगच्या मजुरीचा मोठा भाग वाचतो. आठवड्याला एक भाग असा क्रम ठेवला तर एका हिवाळ्यात गाडी अंतिम रंगासाठी तयार होऊ शकते.

या श्रमाला आता कायद्याचेही बळ आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी दुचाकी आणि चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या कामासाठी मात्र वापरता येत नाही. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. त्याची चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. डिलाइट आणि प्रेसिडेंट या वयात आल्याच आहेत आणि पहिल्या पद्मिनी २०२४ पासून येऊ लागल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे. सांगाडा गंजून गेल्यावर दुसरा आणून बसवला तर गाडी उभी राहील, परंतु तिचा हा अधिकार धोक्यात येईल. आज वाचवलेला मूळ पत्रा हीच तिची खरी पुंजी होय.

अपरिग्रहाचा विचार येथे अनेकांच्या मनात येईल, आणि तो यावा. वापर नाही, देखभाल नाही, पण ‘आपली आहे’ म्हणून आच्छादनाखाली कुजत ठेवलेली वस्तू हा निव्वळ परिग्रह आहे. ज्या घरात तिच्यासाठी वेळ देणारे कोणी नाही त्यांनी ती जपणाऱ्याच्या हाती सोपवावी; त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या घरात एखादा मुलगा, एखादी सून किंवा निवृत्त झालेले काका रविवारची सकाळ देण्यास तयार आहेत, त्यांनी मात्र येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतर खडू आणि लोहचुंबक घेऊन एकदा गाडीभोवती फिरून यावे, आणि पहिल्या दिवशी केवळ दारांची बुजलेली छिद्रे मोकळी करावीत.